दुधाचा गोठा बघायला लोक येऊ लागले, आता पुढे कसं जावं?

दावणीचा_धाकटा:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज लिहायची वेळ आली.

आमच्याकडे आजोबांपासून दुधाचा धंदा आहे. लहानमोठी ६२ जनावरं, त्यातली ३८ दुधावर. पहाटे चारला एक धार, दुपारी चारला दुसरी. आई-बाबा, दादा-वहिनी, मी आणि मदतीला दोघं, एवढ्यांवर सगळं चालतं. दोन वर्षांपूर्वी एका शाळेतल्या बाईंचा फोन आला, "मुलांनी गाय फक्त चित्रात पाहिली आहे, घेऊन येऊ का?" आम्ही हो म्हटलं. मुलं आली, वासरांना हात लावला, शेणाच्या वासाने नाकं दाबली, मग विसरली. पुढच्या रविवारी त्यातल्या चार-पाच जणांचे आईवडील आले, मग त्यांचे शेजारी. आता दर रविवारी दुपारच्या धारेला शंभरेक माणूस दारात असतं.

दादाला यात भविष्य दिसतं. त्याने कागदावर सगळं मांडलंय: धार बघायला गॅलरी, वासरांना बाटलीने दूध पाजणं, ट्रॅक्टरची फेरी, मुलांना खेळायला जागा, दारात दुधाच्या पदार्थांचं छोटं दुकान. वहिनी दुकान चालवायला तयार आहे. आई गप्प आहे. बाबा एकच वाक्य बोलले, "गाई दुधासाठी पाळल्या आहेत, दाखवायला नाहीत."

मी मधे अडकलोय. गेल्या रविवारी चंद्री, पहिलारू आहे, महिन्यापूर्वी व्यायली, तिने पान्हाच सोडला नाही. भोवती माणसं, कुणाचं तरी मूल रडतंय, फोन पुढे केलेले. अर्धा तास गेला. रात्री पुन्हा धार काढायला बसलो तेव्हा तिच्या कासेला हात लावला आणि मलाच अपराधी वाटलं.

माझा प्रश्न असा: गोठा वाढवून बघण्याचं ठिकाण करता येतं का, आणि ते करूनही तो गोठाच राहतो का? कुणी केलंय का, कुणी करून सोडलंय का? खरं खरं सांगा.

भटकभवानी:

मस्त धागा! मी अशा ठिकाणी आवर्जून जाते, म्हणून येणाऱ्याच्या बाजूने सांगते. मला झोपाळे नकोत, ते कुठेही मिळतात. वासराने खरखरीत जिभेने तळहात चाटला की जे वाटतं ते दुसरीकडे मिळत नाही. तेवढं द्या. आणि स्वच्छ संडास द्या, मुलं असली की दुसऱ्या कशाचीही आठवण राहत नाही.

निवृत्त_पशुवैद्य:

चंद्रीचं आधी.

सडाला हात किंवा यंत्राचे कप लागले की गायीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं. ते रक्तातून कासेपर्यंत पोहोचायला मिनिटभर लागतं, मग पान्हा उतरतो. ती घाबरली असेल तर ॲड्रेनालिन, म्हणजे भीतीचं संप्रेरक, आड येतं आणि दूध कासेतच अडतं. आपण म्हणतो गाय पान्हा चोरते, पण ती चोरत नसते, तिला सोडताच येत नाही. असं अडलेलं दूध वारंवार मागे राहिलं की उत्पादन घटतं आणि कासदाहाचीही (कास सुजण्याच्या रोगाची) भीती वाढते. पहिलारू गायीला आधीच यंत्र नवं, कास नवी, सगळंच नवं. तिच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत तिला पाहुण्यांसमोर आणूच नका. तिची धार आधी काढून घ्या.

आता माणसं कुठे उभी करायची. गायीला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त थेट पाठीमागचं दिसत नाही. मागून आलेल्या आवाजाने ती दचकते आणि लाथ मारते. म्हणून कठडा बाजूला, अंतरावर, आणि कायम त्याच जागी हवा. काच असेल तर उत्तम. आधी महिनाभर घरच्याच माणसांनी रोज तिथे उभं राहा, बोला, फोन वाजू द्या. गाई सवयीच्या असतात. ज्या गोष्टीने कधी त्रास झाला नाही तिच्याकडे त्या दुर्लक्ष करायला शिकतात.

आरोग्यावर लिहायचं तर मोठं होईल, सवडीने लिहितो. पण ते टाळता येणार नाही.

रवंथ:

गॅलरीवरून आठवलं. धार बघायला लोक जमणं ही नवी गोष्ट नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या प्लेन्सबरो इथे वॉकर-गॉर्डन डेअरीत १९३० साली 'रोटोलॅक्टर' सुरू झाला. मोठी फिरती चकती, तिच्यावर एका वेळी ५० गाई. गाय चढायची, तिची कास धुतली जायची, यंत्र लागायचं आणि एक फेरी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण साडेबारा मिनिटांत, दूध काढून ती खाली उतरायची. लोक काचेमागे उभे राहून हे बघायचे. ही चकती निघाली होती कमी माणसांत जास्त गाईंची स्वच्छ धार व्हावी म्हणून. बघायला येणारे नंतर आले.

पुढे १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात बॉर्डन कंपनीने तसाच रोटोलॅक्टर मांडला. कंपनीच्या जाहिरातींत 'एल्सी' नावाची चित्रातली गाय होती. प्रदर्शनात यंत्राबद्दल विचारण्यापेक्षा लोक विचारत सुटले की यातली एल्सी कोणती? शेवटी कंपनीला कळपातली एक देखणी जर्सी गाय निवडून तिला एल्सी म्हणावं लागलं.

@दावणीचा_धाकटा, तुमच्या गाईंच्या नावांच्या पाट्या लावा. माणसाला ३८ गाई लक्षात राहत नाहीत, चंद्री राहते.

अंगणवेल:

चंद्रीची पाटी लावा, पण पाटीखाली लिहा "सध्या भेटायची वेळ नाही, बाळंतीण आहे". :)

हिशोबनीस:

मी तीन-चार दूधवाल्या कुटुंबांचे हिशोब बघतो, त्या अनुभवावरून लिहितो.

पहिली गोष्ट, दोन वह्या. गोठ्याची वेगळी, पाहुण्यांची वेगळी. एकत्र ठेवल्यात की दोन वर्षांनी कशात कमावलं आणि कशात घालवलं ते कळणार नाही. एका कुटुंबाला वाटत होतं की पाहुण्यांमुळे गोठा तगलाय. वेगळं मांडल्यावर दिसलं की गोठाच पाहुण्यांचा खर्च उचलत होता. रविवारची जास्तीची माणसं, पाणी, सफाई, दुरुस्ती, विमा, कुणी कुठे मांडलंच नव्हतं.

दुसरी, दुधाचे पैसे थोडे पण नेमाने येतात. पाहुण्यांचे सुट्टीच्या दिवशी येतात, पावसात आटतात, परीक्षांच्या दिवसांत बंद होतात. वैरणीचा खर्च मात्र कधीच सुट्टी घेत नाही. म्हणून पाहुण्यांच्या भरवशावर कर्ज काढू नका. पहिली दोन वर्षं आहे त्याच जागेत करा.

तिसरी, विमा. गोठ्याचा विमा जनावरांचा असतो. पाय घसरून पडलेल्या पाहुण्याचा तो नसतो. पहिलं तिकीट फाडण्याआधी हे करा.

आणि तुमच्या मूळ प्रश्नावर, म्हणजे तो गोठाच राहतो का. इटलीने हा प्रश्न कायद्यातच घेतलाय. त्यांचा शेतघरी पाहुणे ठेवण्याचा कायदा १९८५ चा, २००६ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. दोन्हींत गाभा एकच: पाहुण्यांचं काम शेतीला जोडून हवं, शेतीच मुख्य राहिली पाहिजे. आणि मुख्य काय हे ठरवताना कामाचा वेळ बघतात. मला ही फूटपट्टी फार आवडते. घरातल्या सगळ्यांनी एक महिना लिहून काढा, किती तास गाईंसाठी गेले आणि किती पाहुण्यांसाठी.

कुंपणापलीकडे:

मी सोडलेल्यांपैकी आहे. नीट सांगतो.

माझ्या मामांचा ४० गाईंचा गोठा होता. माझं लहानपण तिथे गेलं. तुमच्यासारखीच सुरुवात, शाळेची मुलं, मग घरची माणसं. तिसऱ्या वर्षी घोडा आणला, कारण लोक विचारायचे. मग ससे, बदकं. मग उड्या मारायचे फुगे. पाचव्या वर्षी असं झालं की दुपारच्या धारेची वेळ लोकांच्या जेवणाच्या वेळेशी जमेना, म्हणून धार एक तास पुढे ढकलली, फक्त शनिवार-रविवार. गाईंना वार कळत नाहीत. आठवड्यातले पाच दिवस एक वेळ आणि दोन दिवस दुसरी. दूध कमी झालं. कमी झालं म्हणून चार गाई विकल्या. माणसं पाहुण्यांकडे गुंतलेली, म्हणून गाय माजावर आली, म्हणजे गाभण राहायची वेळ आली, हे ओळखायला चुकलं, गाई वेळेत गाभण राहिल्या नाहीत. भाकड काळ लांबला. आणखी विकल्या.

दहाव्या वर्षी सहा गाई होत्या. आम्ही त्यांना 'दाखवायच्या गाई' म्हणायचो. दुकानातलं दूध बाहेरून यायचं आणि फलकावर मात्र 'आमच्या गोठ्यातलं' लिहिलेलं होतं. मामा ते वाचायचे आणि काही बोलायचे नाहीत. माझ्या मते ते त्याच फलकाने खचले.

कुणी वाईट नव्हतं. एकही निर्णय त्या दिवशी चुकीचा वाटला नव्हता. म्हणून तुम्हाला सांगतो, कागदावर आधी हे लिहा की काय कधीच करणार नाही. धारेची वेळ हलणार नाही, हे पहिलं.

भटकभवानी:

@कुंपणापलीकडे, वाचून गलबलून आलं. फलकाचं वाक्य डोक्यातून जाणार नाही.

शाळामास्तरीण:

मी दरवर्षी दुसरीच्या मुलांना गोठ्यावर नेते. गेल्या काही वर्षांत ऐकलेले प्रश्न:

"बाई, हिला बंद कुठून करायचं?"
"पिशवी कुठे लावतात?"
"ही सारखी खातेय, हिची मधली सुट्टी संपत नाही का?"

शेवटच्याला गोठ्यातल्या काकांनी फार सुंदर उत्तर दिलं. म्हणाले, ती आता खात नाहीये, सकाळी घाईघाईत गिळलेलं परत तोंडात आणून सावकाश चावतेय, दिवसातले सात-आठ तास तिचं हेच काम. मुलं परत येताना गाडीत रवंथ करत होती.

पण एक प्रश्न दरवर्षी येतो आणि मोठी माणसं नजर चुकवतात. "हिचं बाळ हिच्याजवळ का नाही?"

@दावणीचा_धाकटा, तुमच्याकडे बाटलीने दूध पाजायचा कार्यक्रम असेल तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी येईल. उत्तर तयार ठेवा, आणि खरं ठेवा. मुलांना खरं झेपतं, थाप मात्र ती ओळखतात.

चाकोरीबाहेर:

शाळामास्तरीण यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. मी पुढचं विचारतो. गोऱ्ह्यांचं काय होतं? दुधाच्या धंद्यात नर वासराला जागा नसते. पाहुण्यांना गोंडस कालवडी दाखवायच्या आणि गोऱ्हे नजरेआड ठेवायचे, याला मी फसवणूक म्हणतो. ज्याला हे उघड सांगता येत नाही त्याने दार उघडू नये.

रवंथ:

@चाकोरीबाहेर, असहमत. कुठलंही काम दाखवताना सगळं दाखवता येत नाही. सहा वर्षांच्या मुलासमोर सगळं मांडायची गरज आहे का?

चाकोरीबाहेर:

मुलाला त्याच्या वयाचं सांगा. पण त्याच्या आईने विचारलं तर उत्तर हवं. माझा मुद्दा तेवढाच.

निवृत्त_पशुवैद्य:

वासराचं उत्तर मी गोठ्यात उभा राहून कित्येकदा दिलंय, तसंच इथे देतो.

बहुतेक दूधगोठ्यांत वासरू जन्मल्यावर लवकर वेगळं करतात. कारणं दोन. एक, दूध विकायचं असतं, आणि हे पहिलंच सांगा, लपवू नका. दुसरं, वासराला किती चीक, म्हणजे व्यायल्यावरचं आईचं पहिलं दूध, मिळाला ते बाटलीने पाजताना मोजता येतं. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगप्रतिकारक शक्ती नसल्यातच जमा असते, ती चिकातून मिळते, आणि पहिल्या काही तासांत. आतड्याची ती शोषून घ्यायची ताकद दिवसभरात संपते. आता याला दुसरी बाजूही आहे. काही गोठे वासराला काही आठवडे आईजवळ ठेवतात, काही दिवसातून दोनदा भेटवतात. दूध कमी विकायला मिळतं, नंतर तोडताना दोघांनाही त्रास होतो, पण ते करणारी माणसं आहेत. तुमच्याकडे जे करता ते सांगा आणि का करता तेही सांगा. गोऱ्ह्यांचंही तसंच.

आता आरोग्य, राहिलं होतं.

इंग्लंडमध्ये सरे परगण्यात २००९ साली एका खुल्या फार्मला भेट दिलेल्यांमध्ये ई. कोलाय ओ१५७ ची साथ आली. ९३ जणांना बाधा झाली, त्यात बहुतेक लहान मुलं. काहींची मूत्रपिंडं निकामी होण्यापर्यंत मजल गेली. हा जंतू गायी-मेंढ्यांच्या आतड्यात सुखाने राहतो, जनावर आजारी दिसत नाही. तो शेणातून बाहेर पडतो आणि फार थोडा पोटात गेला तरी पुरतो. म्हणजे "आमची जनावरं ठणठणीत आहेत" हे वाक्य इथे कामाचं नाही.

साबण आणि वाहतं पाणी. हाताला लावायच्या जेलवर विसंबू नका, शेणाने माखलेल्या हातावर ते पुरेसं काम करत नाही. खायची जागा जनावरांपासून वेगळी, आणि मधे हात धुतल्याशिवाय तिथे पोहोचताच येऊ नये अशी वाट. हगवण लागलेलं वासरू पाहुण्यांना दाखवायचं नाही. कच्चं दूध 'धारोष्ण' म्हणून कुणाला, विशेषतः मुलांना, पाजायचं नाही. लोक मागतील, हट्ट करतील. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद किंवा ६३ अंशांवर अर्धा तास तापवायचं ठरलंय ते उगीच नाही. गरोदर बायकांना विणाऱ्या किंवा गाभडलेल्या (गर्भपात झालेल्या) जनावराजवळ, वार (विताना पडणारी नाळ) पडलेल्या जागेजवळ जाऊ द्यायचं नाही.

आणि उलटंही लक्षात ठेवा, माणूस गाईला रोग आणतो. एका गोठ्यावरून दुसऱ्यावर गेलेल्या बुटांमधून लाळ्या-खुरकूत येतो. ब्रिटनमध्ये २००१ साली तो पसरला तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरं मारली. रानातल्या पायवाटा बंद केल्या, खुल्या फार्मांची दारं बंद झाली. ज्यांचं पोट पाहुण्यांवर होतं त्यांच्याकडे एकही जनावर आजारी नसताना त्यांचंही बुडालं. दारात पाय बुडवायला जंतुनाशकाचं पात्र ठेवा आणि "आठवडाभरात दुसऱ्या गोठ्यावर गेला होता का" हे विचारा.

अंगणवेल:

डॉक्टर, वाचनखूण साठवली. मी तर मुलांना थेट सडाखाली तोंड धरायला लावून फोटो काढलेत. आजपासून बंद.

सांजवेळ:

इतके दिवस वाचत होते, कुंपणापलीकडे यांचं वाचून लिहावंसं वाटलं, कारण आमच्याकडे उलटं झालं.

मी सून म्हणून आले तेव्हा घरात २५ गाई होत्या आणि त्या विकायचं ठरलं होतं. सासऱ्यांनी गिऱ्हाईकही बघितलं होतं. मी म्हटलं, एक वर्ष द्या. आज चौदा वर्षं झाली. गाई ३१ आहेत, दूध आजही आमचं मुख्य काम आहे.

आमचे नियम त्या पहिल्या वर्षातलेच आहेत. आठवड्यात दोनच दिवस. एका वेळी ४० माणसं, आधी सांगून आलेली. ४१ वं आलं तर हात जोडून परत पाठवतो, ओळखीचं असलं तरी. लोक धारेच्या दोन तास आधी येतात. वैरण बघतात, मुरघासाचा (मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा) वास घेतात, कुट्टी करतात, वासरं बघतात. शेवटी धार. धार सुरू झाली की बोलणं बंद. मी हळू आवाजात सांगते, लोक ऐकतात. तो अर्धा तास लोकांना सगळ्यात जास्त लक्षात राहतो, कारण तिथे कुणी त्यांचं मनोरंजन करत नसतं. यंत्राची टकटक आणि गाईंचा श्वास, बाकी काही नाही.

खेळायची जागा आम्ही केली नाही. ट्रॅक्टरची फेरी केली होती, एका वर्षात बंद केली. ट्रॅक्टर वैरणीला लागायचा तेव्हा तो फेरीत असायचा.

आणि एक, जे कुणी लिहिलं नाही. हे काम घरातल्या बायकांवर येतं. पाहुण्यांचं स्वागत, चहापाणी, संडास, हसून बोलणं. दादा-वहिनींच्या बेतात तुमची आई गप्प आहे असं तुम्ही लिहिलंत. तिला विचारा ती का गप्प आहे.

कुंपणापलीकडे:

@सांजवेळ, तुमच्या प्रतिसादातली ४१ व्या माणसाची गोष्ट महत्त्वाची. आम्हाला कधीच कुणाला परत पाठवता आलं नाही. मामा भिडस्त. मला वाटतं सगळा फरक तिथेच पडला.

हिशोबनीस:

सांजवेळ ताईंनी आईबद्दल लिहिलं त्याला +१. माझ्या वह्यांत घरच्या बायकांचे तास कधीच नसतात. वर एक महिना लिहून काढा म्हटलं त्यात आईचे तास पहिले लिहा.

भटकभवानी:

थोडं अवांतर. थायलंडमध्ये चोकचाय फार्म म्हणून आहे, एका कुटुंबाने १९५७ मध्ये सुरू केलेलं. पुढच्या पिढीने ते पर्यटकांसाठी खुलं केलं. तिथे पाहुण्यांना हाताने धार काढू देतात. आणि जपानमध्ये इवाते भागात कोइवाई फार्म, १८९१ चं. ओनो, इवासाकी आणि इनोउए या तिघा संस्थापकांच्या आडनावांतलं एकेक अक्षर घेऊन नाव ठेवलंय. हे घरगुती नाही, प्रचंड मोठं आहे, पण दूधही आहे आणि माणसंही येतात. म्हणजे दोन्ही एकत्र नांदू शकतात, काळ लागतो.

अमेरिकेत इंडियाना राज्यात तर गाई वितानाही बघता येतात. प्रेक्षागृहासारखी बाकं, काचेपलीकडे गाय, आणि बाहेर रस्त्यावरच्या सिग्नलसारखे दिवे, वासरू यायची वेळ किती जवळ आली ते सांगणारे. धाकटे, तुम्ही असं काही कराल का?

निवृत्त_पशुवैद्य:

नको. रोज कितीतरी वेतं होत असतील तिथे काचेमागची खोली परवडते. ३८ गाईंच्या गोठ्यात वेत रात्री तीनला होतं आणि तेव्हा तिथे फक्त ओळखीचा माणूस हवा. गाय विताना एकांत शोधते. तो तिला द्या.

रवंथ:

अवांतरात अवांतर: कुत्री. पाहुणे कुत्रं घेऊन येतात, त्याला ठाम नाही म्हणा. ऑस्ट्रियात टिरोलमध्ये २०१४ साली कुत्रं सोबत असलेल्या एका महिलेवर वासरं असलेल्या गाईंनी हल्ला केला, त्यात ती दगावली. खटला वरच्या न्यायालयापर्यंत गेला आणि २०२० मध्ये शेतकरी आणि ती महिला दोघांवर निम्मी निम्मी जबाबदारी ठेवली गेली. तिथे सावधानतेचा फलक होता, तरीही. वासराची आई कुत्र्याला लांडगाच समजते.

दावणीचा_धाकटा:

सगळ्यांचे मनापासून आभार. महिना झाला, काय झालं ते सांगायलाच हवं.

सांजवेळ ताई, आईला विचारलं. ती म्हणाली, "रविवार हा एकच दिवस होता जेव्हा दुपारी तुझे बाबा आणि मी ओट्यावर बसायचो." दोन वर्षांत आमच्यापैकी कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं. आता रविवार बंद. शनिवारी आणि महिन्यातून एकदा बुधवारी शाळांसाठी.

कुंपणापलीकडे दादा, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचला. बाबा उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांनी दादाच्या कागदामागे स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या. धारेची वेळ हलणार नाही. आपल्या गाईंशिवाय दुसरं जनावर दाखवायला आणायचं नाही. बाहेरचं दूध आपलं म्हणून विकायचं नाही. आणि गाय आजारी असली तर आलेल्या माणसाला पैसे परत देऊन पाठवायचं. दादाने खाली सही केली. तो कागद दूध थंड करायच्या टाकीच्या खोलीत चिकटवलाय.

ट्रॅक्टरच्या फेरीवरून अजून वाद आहे. गॅलरी करतोय, बाजूच्या भिंतीला, जुन्या कडब्याच्या माळ्यावर, जाड काच लावून. काच यायचीय. तोवर आम्ही घरचेच रोज तिथे उभे राहतो, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. चंद्री पहिले आठ दिवस मान वळवून बघायची. आता बघत नाही. तिची धार अजून आधीच काढतो.

गेल्या बुधवारी ३० मुलं होती. बाटलीच्या वेळी एका मुलीने तोच प्रश्न विचारला. मी तोंड उघडायच्या आत बाबा पुढे झाले. म्हणाले, "दूध आम्ही विकतो गं, म्हणून याला वेगळं ठेवतो. आईचं पहिलं दूध मात्र याने पोटभर प्यायलंय, मी स्वतः पाजलंय." मुलीने थोडा विचार केला आणि विचारलं, "मग त्याला कोण चाटतं?" बाबांना उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून ते वासरांच्या कप्प्यात संध्याकाळी जास्त वेळ बसतात, आणि आईजवळ काही दिवस ठेवून बघायचं का, असं काल स्वतःहून विचारत होते.

डॉक्टर, एक प्रश्न आहे. हात धुवायचे नळ कुठे घ्यावेत? दादा म्हणतो प्रवेशद्वाराशी, म्हणजे एकदाच पाइप न्यावा लागेल.

निवृत्त_पशुवैद्य:

प्रवेशाशी नकोत. वासरांच्या कप्प्यातून बाहेर पडायच्या वाटेवर घ्या, म्हणजे नळ ओलांडूनच बाहेर यावं लागेल. निम्मे नळ मुलांच्या उंचीला. पाणी कोमट करता आलं तर करा, थंडीत मुलं गार पाण्याला हात लावत नाहीत. साबण बांधून ठेवण्यापेक्षा पातळ साबणाची डबी भिंतीला लावा. आणि तिथे पहिले काही महिने एक माणूस उभा ठेवा.

वासरं आईजवळ ठेवायचं ठरलं तर आधी दोनच गाईंवर करून बघा. कुठल्या दोन ते मला फोटो पाठवून विचारा.

शाळामास्तरीण:

माझी ३४ मुलं आहेत. पुढच्या महिन्यातला बुधवार मिळेल का?